जिथे तू नाहीस, तिथे तुझा फोन नको

अनेक आशीर्वाद.

रात्रीचे तुझे मेसेज वाचले. उद्या अकराला एचआरने केबिनमध्ये बोलावलंय, तोंडी राजीनामा मागतील अशी कुणकुण आहे, आणि तू दोन गोष्टी एका दमात विचारल्यास. बोलणं गुपचूप रेकॉर्ड करू का? आणि निघताना जुना फोन टेबलाखाली चालू ठेवून येऊ का, म्हणजे मागाहून ते काय ठरवतात तेही कळेल? तुला या दोन्ही एकाच माळेतल्या वाटतायत. तसं नाही.

पहिल्याचं उत्तर हो. ज्या बोलण्यात आपण स्वतः आहोत ते रेकॉर्ड करणं गुन्हा ठरवणारं कलम आपल्याकडे नाही. याचा पाया आपल्याच राज्यातल्या खटल्यात आहे, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1972 चा निकाल. मुंबईच्या कोरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता. फोन करणाऱ्या डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेप जोडला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ते चोरून ऐकणं मानलं नाही. पुरावा म्हणून तीन गोष्टी मात्र पाहिल्या जातात: बोलणं वादाशी संबंधित हवं, आवाज कुणाचा ते ओळखता यायला हवं, आणि रेकॉर्डिंगमध्ये काटछाट नको. जुलै 2025 मध्ये नवरा-बायकोच्या खटल्यातही गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं गेलं, पण तो निकाल ऑफिसवर ओढूनताणून लावू नकोस.

दुसऱ्याचं उत्तर नाही. टेबलाखालच्या फोनसमोर जे बोलतील त्यांपैकी एकाचीही संमती नाही, आणि तू खोलीत नाहीस. मलकानीचा आधार तिथेच सुटतो. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय, ते तुझ्या समोरचा वकील विसरणार नाही. दुसऱ्यांचा चालू कॉल मधेच पकडून ऐकलास तर दूरसंचार अधिनियम 2023 च्या कलम 42 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पुन्हा सांगतो, जिथे तू नाहीस तिथे तुझा फोन नको. या एका गोष्टीवर मी अडून बसतो म्हणून मला भित्रा म्हणतात. म्हणोत. तुझी बाजू खरी असताना वाद तुझ्या फोनवर जाऊन अडकावा, हे मला बघवत नाही.

गुन्हा नाही म्हणजे कंपनी काही करू शकत नाही, असं समजू नकोस. नेमणूकपत्र, आचारसंहिता आणि माहिती सुरक्षेचं धोरण आज रात्रीच वाच. महापे-ऐरोलीच्या बऱ्याच कंपन्यांत रेकॉर्डिंगवर बंदी लिहिलेली असते आणि मोडल्यास शिस्तभंगाची कारवाई. ती जोखीम घ्यायची की नाही, ते तूच ठरव. घेतलीस तर फक्त आवाज, व्हिडिओ नाही, आणि एकाही क्लायंटची माहिती त्यात येता कामा नये. तुमच्या मजल्यावर फोन लॉकरमध्ये ठेवायला लावत असतील, तर दुसरा लपवून नेऊ नकोस. ‘रेकॉर्ड करतोयस का?’ असं थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस. हे तुला ऑफर लेटर मिळालं तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं, ते मला लागून राहिलंय.

आता उद्याचं. फोन स्वतःचाच, कंपनीचा नको. तो शेवटच्या दिवशी परत घेतील आणि पुरावा त्यांच्या हातात जाईल. एका तासाच्या आवाजाला साठेक एमबी जागा पुरते. एअरप्लेन मोड लाव आणि वाय-फायही बंद कर, कारण मधेच कॉल आला की कित्येक फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं. मुख्य माइक बहुधा फोनच्या खालच्या टोकाला असतो, म्हणून शर्टाच्या खिशात फोन उलटा ठेव. पँटच्या खिशात कापड घासून नुसती खरखर ऐकू येते. कॅन्टीनमध्ये दोन मिनिटांची चाचणी घे. आत बोलताना नाव घेऊन विचार, ‘म्हणजे सर, या महिन्यात राजीनामा दिला नाही तर काढून टाकणार असं तुम्ही सांगताय?’ आवाज कुणाचा ते त्यातून ठरतं. डिवचून काही वदवून घेऊ नकोस. आणि कागद कुठलाही असो, आत सही नाही. बाहेर पडताना रेकॉर्डिंग बंद कर आणि फोन खिशातच ठेव. जुना फोन घरी राहू दे.

बाहेर आल्यावर पोरं माती खातात. ऐकायला बरं म्हणून सुरुवात कापतात, आवाज साफ करतात, ग्रुपवर टाकतात. मूळ फाइलला हातही लावू नकोस, नावसुद्धा बदलू नकोस. केबलने पेन ड्राइव्हवर प्रत घे. विंडोजमधल्या सर्टयूटिल या कमांडने तिचा एसएचए-256 हॅश काढ, म्हणजे फाइलचा बोटांसारखा ठसा, चौसष्ट अक्षरांचा येतो, आणि तो तारखेसह वहीत उतरव. एक सेकंद जरी कापलास तरी हॅश बदलतो, म्हणूनच कोर्टाला तो लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, पहिला तू भरायचास, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश त्यात लिहावा लागतो. मूळ फोनच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन तो फोन हजर केला, तर प्रमाणपत्राची गरज नाही, हे जुन्या पुरावा कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या खोतकर निकालाने स्पष्ट केलं. तेव्हा दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये हा फोन देऊन टाकू नकोस.

त्याच संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून एचआरला चार ओळी पाठव. अकराच्या भेटीत मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी तो दिलेला नाही आणि देण्याचा माझा विचार नाही. रेकॉर्डिंगचा उल्लेख नको. रेकॉर्डिंग ग्राह्य की नाही यावर वाद होतो, तारखेच्या ईमेलवर फारसा होत नाही. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत पुराव्याच्या कायद्याची काटेकोर बंधनं नसतात, तिथेही हा ईमेल उपयोगी पडेल.

परवा सुट्टी आहे ना? घणसोलीहून ठाणे लोकल पकड आणि सकाळी दहापर्यंत ये. फोन, पेन ड्राइव्ह आणि नेमणूकपत्राची प्रत आण. संभाषण शब्दशः उतरवायला बसू, मिनिट-सेकंदासह, हिंदी-मराठी-इंग्रजी जसं बोललेत तसंच.

तुझा काका