खुणांमुळे रस्ता लांब वाटतो की जवळ?

प्रश्न असा आहे: मोजून सारखेच असलेल्या दोन रस्त्यांपैकी चौक-दुकानांचा रस्ता काहींना लांब वाटतो, तर काहींना मोकळा रस्ता संपता संपत नाही. असं का?

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या वेळी अंदाज करतात. चालताना मोकळ्या रस्त्यावर आपण किती पुढे आलो हे कळायला काही नसतं, म्हणून वेळ रेंगाळतो. नंतर आठवताना मात्र मन मीटर मोजत नाही, लक्षात राहिलेले टप्पे मोजतं. टप्पे जास्त, तर अंतर जास्त. त्यामुळे कोणाला विचारताना ‘चालताना की आठवून?’ हे आधी ठरवा. बहुतेक वाद तिथेच मिटतात.

वळणांचाही असाच परिणाम होतो. १९८० साली सॅडाला आणि मॅगेल या संशोधकांनी जमिनीवर आखलेल्या सारख्याच लांबीच्या वाटांवरून लोकांना चालवलं, तेव्हा जास्त काटकोनी वळणांची वाट लांब वाटली. मध्ये नदी, भिंत किंवा रेल्वेमार्ग असेल तरी पलीकडची जागा आहे त्याहून दूर वाटते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दिशेची गंमत. साध्या घरापासून प्रसिद्ध मनोऱ्यापर्यंतचं अंतर कमी सांगितलं जातं, पण त्याच मनोऱ्यापासून घरापर्यंतचं जास्त. ठळक खूण आसपासच्या जागांना आपल्या कवेत घेते, साध्या घराला ते जमत नाही. म्हणूनच ‘मनोऱ्याजवळ’ असा पत्ता ऐकून निघालेला माणूस पुढचं अर्धा किलोमीटर चालताना वैतागतो. पत्ता सांगताना खूण वळणाच्या जागचीच द्या आणि तिच्यापुढचं अंतर मिनिटांत सांगा. ताशी ५ किलोमीटर वेगाने १०० मीटरला साधारण सव्वा मिनिट लागतं.

स्वतः पडताळायचं असेल तर दोन्ही रस्ते आधी फोनवर मोजून घ्या. चढ आणि रहदारी शक्य तितकी सारखी हवी, नाहीतर खुणांऐवजी दमणूकच मोजली जाईल. निम्म्या लोकांना एका टोकाकडून, निम्म्यांना दुसऱ्या टोकाकडून चालवा. मग नकाशा न दाखवता, ओळखीच्या रस्त्याचा एखादा १०० मीटरचा तुकडा माप म्हणून देऊन, त्याच्या किती पट रस्ता वाटला ते विचारा. थेट मीटर विचारले तर आकडे इतके विखुरतात की दोन रस्त्यांतला फरक त्यात दिसेनासा होतो.