ऐकून-बघून बीए होता येईल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, एसवायबीएला आहे, राज्यशास्त्र स्पेशल. रोज एसटीनं अप-डाऊन आहे, जाऊन-येऊन अडीच तास जातात, घरी आलं की वावरातली कामं आणि थ्री फेज लाइट रात्रीची असली की केळीला पाणी भरायला मीच जातो. पुस्तक उघडलं की दोन पानांत झोप, आणि कधीकधी एकच ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. कोणी समजावून सांगितलं तर मात्र पक्कं लक्षात राहतं. यूट्यूबवर शोधलं तर सगळं एमपीएससीचंच सापडतं. सर म्हणतात वाचल्याशिवाय पर्याय नाही. खरंच नाही का?

उत्तर: आहे की भो. आपल्या विद्यापीठाला जिचं नाव आहे त्या बहिणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या तिच्या तोंडात होत्या आणि तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, त्या उतरवून ठेवल्या, त्यामुळे ऐकून शिकणं हलकं असं निदान जळगावात तरी कोणी म्हणू नये. (हे सरांना ऐकवू नकोस.) पण पेपर तुला लिहूनच द्यायचाय, ते धरून चाल.

आधी यूट्यूबचं. नुसतं 'राज्यशास्त्र' टाकलं तर एमपीएससीच येणार. सिलॅबसचा कागद समोर घे आणि युनिटमधला मथळा जसाच्या तसा मराठीत टाक, 'हॉब्जचा सामाजिक करार' असं. एमपीएससीवाल्यांचे राज्यघटनेचे व्हिडिओ काही वाईट नसतात, कलमं पाठ होतात, पण दहा मार्कांचं उत्तर त्यातून उभं राहत नाही.

ऑनलाइन कोर्सचं सरकारचं 'स्वयं' पोर्टल 2017 पासून आहे, कोर्स फुकट बघता येतो, परीक्षा दिली तरच फी. त्याचे क्रेडिट डिग्रीत धरता येतात, यूजीसीच्या 2021 च्या नियमानं सेमिस्टरमधल्या 40 टक्के कोर्सपर्यंत, पण फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात विचार. टीव्हीवर 'स्वयंप्रभा' आहे, 32 चॅनलांपासून सुरू झालं, रोज चार तासांचं नवीन शिकवणं आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा, म्हणजे वावरातून उशिरा आलास तरी चुकत नाही. फक्त बरंचसं इंग्रजी नाहीतर हिंदीत आहे.

आता खरी मजा. अँड्रॉइडच्या सेटिंगमधे अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' असतं, ते चालू केलं की स्क्रीनवरचं मराठी फोन वाचून दाखवतो. कॉम्प्युटरवर एज ब्राउझरचं 'रीड अलाउड' आहे, त्यातला मराठी आवाज माझ्या मते जास्त बरा, माणसासारखा थांबतो. पण झेरॉक्सच्या दुकानातून मिळालेल्या नोट्सची पीडीएफ टाकशील तर काही खरं नाही, कारण ते अक्षर नसतं, नुसता पानाचा फोटो असतो. अशी फाइल कॉम्प्युटरवरून गूगल ड्राइव्हमधे चढवायची आणि गूगल डॉक्समधे उघडायची, फोटोतलं मराठी टाइप होऊन येतं, जोडाक्षरांत थोडी माती खातं, तेवढं सुधारायचं. मोठी फाइल असली तर तुकडे कर. आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेलं असेल तर फोन अशी काही भाषा बोलेल की हसून पोट दुखेल.

मराठी विश्वकोश मात्र नेटवर साध्या युनिकोडमधे आहे, फुकट, फोन धडाधड वाचतो. राज्यशास्त्राच्या नोंदी त्यात भरपूर आहेत, आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, म्हणजे घरचंच समज.

यापेक्षा भारी एकच गोष्ट, स्वतःचा आवाज. मी बाहेरून एमए केलं तेव्हा सकाळी कळण्याच्या भाकरी थापता थापता एकेका प्रश्नाचं उत्तर फोनवर बोलून ठेवायची, कागदावर चार मुद्दे आणि बाकी तोंडानं. सगळ्या रेकॉर्डिंगमधे मागं थप थप आवाज, मधेच कुकरची शिट्टी. पेपरात सार्वभौमत्वाचा प्रश्न आला आणि तिसरा मुद्दा आठवेना, मग ती शिट्टी आठवली, आणि शिट्टीनंतर मी काय बोलले होते ते आलं! तू बसमधे एक टॉपिक ऐक, उतरलास की न बघता दोन मिनिटं स्वतः बोलून रेकॉर्ड कर, आणि रविवारी त्यातलं एक उत्तर हातानं लिहून काढ, हे लिहिणं टाळलं तर पेपरात हात चालत नाही.

एकच ओळ तीनदा वाचावी लागते म्हणालास, ते मला जरा खटकलं. जागरणानं असेल, चष्म्याचा नंबर असेल, आधी डोळे दाखव. पण लहानपणापासून अक्षरं उलटसुलट होत असतील तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, सर्टिफिकेट निघालं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो, आणि ज्यांना छापील वाचणं जमत नाही त्यांच्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररीही आहे. यात लाजायचं काही नाही.

आणि रात्री पाणी भरताना एकाच कानात इअरफोन घालत जा, केळीच्या बागेत पाचोळ्यात काय सळसळलं ते ऐकायला दुसरा कान मोकळा लागतो.