ढिल्या झालेल्या नी स्लीव्हज फेकू नकोस

अरे भावा, तुझ्या नी स्लीव्हज (वजन उचलताना गुडघ्यावर चढवायच्या घट्ट बाह्या) ढिल्या झाल्या म्हणून नवीन घ्यायची घाई करू नकोस, आधी त्या धू. माझ्या पण स्क्वॉट करताना पोटरीपर्यंत घसरायच्या, बघितलं तर अर्धा त्रास आत साचलेल्या घामाचा न तेलाचा, साध्या गार पाण्यात थोडा शॅम्पू टाकून उलट्या करून चोळल्या न पंख्याखाली दोन दिवस वाळवल्या (पावसाळ्यात मुंबईत दोन दिवस पण कमीच पडतात), बरीच पकड परत आली.

गरम पाणी, ड्रायर, इस्त्री असलं काही करू नकोस हां, निओप्रीन (स्लीव्हचं फोमसारखं रबर) सुती बनियनसारखं आटत नाही, उलट चिकटवलेलं कापड सुटतं.

तरी ढिली वाटली तर शिवून घे. स्लीव्ह उलटी करून घाल, जुन्या शिलाईजवळ चिमटीत धर, कपड्याचे चिमटे लाव, खडूने रेघ मार. आत १ सेंटीमीटर दाबलंस तर घेर २ ने कमी होतो, म्हणून पहिल्यांदा अर्धाच सेंटीमीटर घे. शिवण गुडघ्याच्या मागच्या खळीत अजिबात नको, सोलवटतं. घरच्या मशीनवर ७ एमएम जाडीची स्लीव्ह जात नाही, मी आईची सुई मोडून शिव्या खाल्ल्यात, स्टेशनबाहेर बॅगा न चेन रिपेअर करणारे बसतात त्यांच्याकडे जा, नायलॉनच्या दोऱ्याने मारायला सांग. जास्तीचं लगेच कापू नकोस, आधी एक आठवडा वापरून बघ.

आणि मीटला (पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेला) उतरणार असशील तर ही शिवलेली जोडी प्रॅक्टिसलाच ठेव, आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग संघटनेच्या) नियमात ७ एमएम जाडी न ३० सेंटीमीटर लांबीची मर्यादा आहे, तिथे उगाच वाद नको.