‘बजेट’ म्हणजे मुळात पिशवी

वडोदऱ्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या सोसायटीच्या गुजराती नोटिशीत ‘अंदाजपत्र’ असते, मराठी वर्तमानपत्रात ‘अर्थसंकल्प’ असतो आणि घरात सगळे ‘बजेट’च म्हणतात, तर या तिन्हींचा अर्थ एकच का, आणि ‘बजेट’ हा शब्द मूळचा कुठला?

बजेट म्हणजे मुळात कातड्याची लहान पिशवी. आजच्या फ्रान्सच्या भागात प्राचीन काळी राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेतून लॅटिनमध्ये आलेल्या ‘बुल्गा’पासून जुन्या फ्रेंचमध्ये पिशवीवाचक शब्द तयार झाला आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप पंधराव्या शतकात इंग्रजीत आले. फुगवटा या अर्थाचा ‘बल्ज’ही याच बुल्गाचा वंशज, भरलेली पिशवी फुगते, हे ध्यानात घेतले की नाते पटते. आपल्याकडचा कमरेला बांधायचा कसा किंवा बटवा डोळ्यांपुढे आणावा. माझ्या आजीच्या बटव्यात एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात नाणी आणि तिसऱ्यात वाण्याच्या हिशेबाची घडी घातलेली चिठ्ठी असे. इंग्रजी शब्दही असाच पिशवीवरून आतल्या कागदांवर सरकला. १७३३ साली तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान वॉलपोल यांच्या करयोजनेवर टीका करणारे ‘बजेट उघडले’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक पत्रक इंग्लंडमध्ये निघाले आणि पुढे अर्थमंत्र्यांच्या वार्षिक निवेदनाला ‘बजेट उघडणे’ म्हणण्याची प्रथा रुळली. पुढे फ्रेंचांनी हा शब्द या नव्या अर्थासह इंग्रजीकडून परत घेतला, ही मला या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

आता आपले शब्द. ‘अंदाज’ फारसीतला, त्यामुळे अंदाजपत्रकात जमा-खर्चाचा अदमास प्रधान असतो. ‘संकल्प’ आपण पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन सोडतो. म्हणून ‘अर्थसंकल्प’ म्हणताच अमुक पैसा अमुक कामासाठी वापरण्याचा निश्चय सूचित होतो, आणि कायदेमंडळापुढे मांडल्या जाणाऱ्या दस्तऐवजाला तो शब्द शोभतो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ मध्ये मात्र ‘बजेट’ हा शब्द नाही. तेथे वार्षिक वित्तीय विवरणाचाच उल्लेख आहे. बोलण्यातल्या ‘बजेट’ची छटा याहून वेगळी आहे: ‘ही साडी बजेटात बसत नाही’ म्हणताना आपण हिशेब सांगत नाही, खर्चाची मर्यादा सांगतो. तेथे ‘अर्थसंकल्पात बसत नाही’ म्हणणे कृत्रिम होईल आणि तसा हट्ट मी धरणार नाही.

सोसायटीच्या नोटिशीतील ‘अंदाजपत्र’ हा गुजरातीतला योग्य आणि रूढ शब्द आहे, त्यात दुरुस्ती सुचवू नये. मराठी नोटीस काढायची झाल्यास ‘वार्षिक अंदाजपत्रक’ असे लिहावे. कारण नुसते ‘रंगकामाचे अंदाजपत्रक’ म्हटले, तर ठेकेदाराने दिलेला खर्चाचा आकडा असाही त्याचा अर्थ होतो.