कमानीखालची गुरं खरी का?

प्रश्न : सर, जुन्या रोमच्या चित्रांचं एक पुस्तक माझ्याकडे आहे. पडक्या कमानींखाली गुरं बसलीत, बाया खांबांना दोरी बांधून धुणं वाळत घालताहेत. चित्रकारानं ही मंडळी शोभेसाठी घातली का? – एक वाचक, सातारा

उत्तर : गुरं अगदी खरी. प्राचीन रोमचा कारभार जिथून चाले, त्या फोरमला सतराव्या-अठराव्या शतकातले रोमकर ‘काम्पो व्हाचिनो’, म्हणजे गाईगुरांचं मैदान म्हणत. तिथं जनावरांचा बाजार भरे. जनावरं जिथं पाणी पीत, ते ग्रॅनाइटचं थोरलं पात्र १८१८ मध्ये क्विरिनाल टेकडीवर नेलं. आजही तिथल्या कारंज्यात ते पाहायला मिळतं. फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँनं १६३६च्या सुमारास रंगवलेलं हे मैदान पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

मी विद्यार्थ्यांना अशा चित्रात आधी माणसांचे पाय पाहायला सांगतो. पाय कुठल्या जमिनीवर आहेत? पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या छापचित्रांत रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची प्रचंड कमान निम्मी मातीत आहे. ढिगारा आणि गाळ साचून साचून जमीनच तेवढी वर आली होती. माणसं काढून टाका, ही उंची कळणारच नाही. म्हणून मला तरी ही माणसं चित्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात.

याचा पुरावा रोममध्ये आजही उभा आहे. फोरममधल्या सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फाउस्टिना यांच्या मंदिराचं पुढे चर्च झालं. त्याचा १६०२ सालचा दर्शनी भाग तेव्हाच्या जमिनीला धरून बांधलेला. नंतर उत्खननात माती निघाली आणि चर्चचं दार कितीतरी वर, अधांतरी राहिलं.

धुण्याचं उत्तर मात्र वेगळं. अवशेषांत धोबिणी रंगवण्याची यूबेर रोबेरला भारी आवड. हा फ्रेंच चित्रकार १७५४ ते १७६५ इटलीत होता. वहीत रेखाटलेल्या वास्तू तो पुढे मनाजोगत्या एकत्र मांडी; एकमेकींपासून दूर असलेल्या इमारती त्याच्या चित्रात शेजारी येतात. चित्राखाली त्याचं नाव असेल, तर नकाशा म्हणून ते वापरू नका. पण धुणाऱ्या बाईचं वाकणं, ओल्या कापडाचा भार नीट पाहा. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, असं मी खात्रीनं म्हणेन.