कृषी सल्ला: गच्चीवरची सेंद्रिय भाजी आणि दुकानदाराची बाटली

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): गच्चीवर पहिल्यांदाच कुंड्यांत टोमॅटो, मिरची, मेथी लावली. टोमॅटो-मिरचीची पानं आकसली, मेथी पिवळी पडली. दुकानदाराने कडुनिंबाचं तेल लिटरला १० मिली, दर तिसऱ्या दिवशी फवारायला सांगितलं. एक 'जैविक टॉनिक' दिलं आणि कुंडीत मूठभर डीएपी खत टाका म्हणाला. मला सेंद्रियच हवंय. अनुदान मिळतं का?

उत्तर: ताई, आधी फवारणी बंद करा.

टोमॅटोची नवी पानं बारीक, पिवळसर आणि वर वळलेली असतील तर तो चुरडा-मुरडा. विषाणूजन्य रोग, पांढरी माशी पसरवते. त्यावर कुठलीच बाटली चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. झाडावर पिशवी घाला, मग उपटा; नाहीतर माश्या उडून शेजारच्या कुंडीत जातात. पिवळे चिकट सापळे लावा.

मिरचीचं पान उलटून बघा. कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे रस शोषणारे अगदी बारीक जीव. फुलकिड्यांना कडुनिंब चालतं, पण मात्रा बाटलीवरच्या पीपीएमच्या आकड्यावर, म्हणजे आत कडुनिंबाचा कीडनाशक अर्क किती आहे त्यावर ठरते: १५०० पीपीएम असेल तर लिटरला ५ मिली, १०००० पीपीएम असेल तर २ मिली. यातल्या कशालाच १० मिली नाही. दुप्पट मात्रेने कीड दुप्पट मरत नाही, पानं जळतात. दर तिसऱ्या दिवशी तर मुळीच नको. आठ-दहा दिवसांनी, ऊन उतरल्यावर. दुपारी बारा वाजता फवारून 'औषध लागू पडलं नाही' म्हणणारे मला रोज भेटतात. कोळी असेल तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. मात्र तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको. दोन्ही एकत्र गेली की झाड होरपळतं, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही.

टॉनिकच्या बाटलीवर घटक लिहिलेत का? कीडनाशक असेल तर नोंदणी क्रमांक आहे का? नसेल तर परत करा. 'जैविक' असं लेबल लावून आत रासायनिक कीटकनाशक निघाल्याची प्रकरणं आहेत. रात्रीत सगळे किडे साफ होत असतील तर आनंद मानू नका, संशय घ्या.

डीएपी सेंद्रिय नाही. तो शुद्ध रासायनिक माल आहे, कुंडीत मूठभर म्हणजे मुळांना चटका. टाकला असेल तर वरचे दाणे वेचून काढा आणि खालून निथळेपर्यंत दोन-तीनदा भरपूर पाणी द्या.

मेथी मात्र बहुतेक पाण्यानेच पिवळी पडली. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते, आणि नर्मदेचा नळ आला की सगळ्या कुंड्या भरायची आपल्याला सवय. बोट खुपसा, ओल लागली तर पाणी नको. पुढच्या वेळी दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग वाळू घ्या. ताजं शेण घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

खत विकत आणू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच कंपोस्टची पद्धत बसवली, जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते, आणि आपण मात्र प्लॅस्टिकच्या थैलीतलं खत आणतो! इंदुरात ओला कचरा तर घरोघरी वेगळा होतोच. तो गाडीत टाकण्याआधी थोडा ठेवून घ्या. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये वाळक्या पानांचा जाड थर, त्यावर भाजीची देठं-सालं, वर शेणकाला आणि चिमूटभर राख-माती. असेच थर चढवा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी पलटी मारा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. छोट्या ड्रममध्ये थोडा जास्त वेळ लागतो. वास आला तर वाळकी पानं वाढवा, 'कल्चर' (कचरा कुजवणारे जिवाणू) विकत घ्यायला धावू नका.

अनुदान: सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना गटाने शेती करणाऱ्यांसाठी आहे, गच्चीतल्या कुंड्यांसाठी नाही.

मेथी-पालक थंडीत पुन्हा पेरा. गिलकी, कारलं मात्र फेब्रुवारीत. दुकानात बी आत्ता मिळतंय म्हणून आत्ता लावू नका.