टीएसएच वाढले, मग थायरॉइड कमी कसे?

सप्रेम नमस्कार.

रावेर तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत असून संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोनचे, प्रकरण तिने इतक्यांदा वाचले आहे की ती पाने पुस्तकातून सुटून आली आहेत, असे आपण लिहिता. आता हार्मोनचाच अभ्यास करायचा असा तिचा हट्ट आहे; केळीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला तो झेपेल का आणि डॉक्टर होण्यावाचून यात दुसरी वाट आहे का, असे आपण विचारले आहे. मला मात्र आपण शेवटी जाता जाता लिहिलेली ओळ सर्वांत मोलाची वाटली. आईच्या रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन तिने विचारले, की टीएसएच वाढलेले असताना डॉक्टर थायरॉइड कमी आहे असे का म्हणतात?

आपल्या बागेत मालक, मुकादम आणि मजूर असतात, तशीच ही व्यवस्था आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा मालक, त्याच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली, वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका ग्रंथी हा मुकादम, आणि गळ्यातील थायरॉइड हा मजूर. मालकाचा टीआरएच नावाचा निरोप दोघांमधल्या खास रक्तवाहिन्यांतून थेट पीयूषिकेला पोहोचतो, ती टीएसएच हे संप्रेरक सोडते आणि त्या हुकमाने थायरॉइड टी-३ व टी-४ ही आपली संप्रेरके तयार करते. ही दोन्ही रक्तात पुरेशी झाली की मालक आणि मुकादम दोघेही गप्प होतात. मजुराचे काम कमी पडले की मुकादमाचा आवाज चढतो, आणि कागदावरचा टीएसएचचा मोठा आकडा म्हणजे तो चढलेला आवाज. टी-४ कमी असूनही टीएसएच वाढलेले नसेल, तर मात्र खोट बहुधा मजुरात नसून मुकादमात किंवा मालकात असते, म्हणून एकट्या टीएसएचवर नेहमीच भिस्त ठेवता येत नाही.

हा टीआरएच अवघ्या तीन अमिनो आम्लांचा आहे, पण त्याची रचना 1969 मध्ये उलगडण्यासाठी मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या लाखो मेंदूंमधून तो वेचावा लागला. त्या कामासाठी रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या शास्त्रज्ञांना 1977 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले; त्याच पारितोषिकाचा अर्धा वाटा रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यॅलो यांना मिळाला. तिघांपैकी वैद्यकाची पदवी एकट्या गिलमँ यांच्याकडे होती. शॅली जीवरसायनाचे, तर यॅलो चक्क भौतिकशास्त्राच्या. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टर व्हायचे तर इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग तीन वर्षांचे एमडी आणि त्यापुढे संप्रेरकशास्त्रातले तीन वर्षांचे डीएम, अशी साडेअकरा वर्षे आणि प्रत्येक टप्प्यावर नवी प्रवेशपरीक्षा असते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे पहिला टप्पा घराजवळ होऊ शकतो. मात्र नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या 720 गुणांपैकी जीवशास्त्राला 360 च आहेत. एका प्रकरणावरील प्रेम भौतिकशास्त्राची कमतरता भरून काढत नाही, हे तिला आजच सांगावे.

पशुवैद्यकाचा विचार आपण केलेला दिसत नाही, तो जरूर करावा. वासरू आचळाला लागताच पान्हा फुटतो, तो हायपोथॅलॅमसमध्ये तयार होऊन पीयूषिकेच्या मागील भागातून सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे. आणि बुजलेली म्हैस दूध चोरते, ती या साखळीत भीतीमुळे अडथळा आल्याने. हे तिने गोठ्यात पाहिलेलेच असणार.

संशोधनाकडे ओढा असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी, किंवा जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून प्राणिशास्त्र वा रसायनशास्त्रात बीएस्सी करून जीवरसायनात एमएस्सी करावी. नुसत्या बीएस्सीवर थांबणे मला पटत नाही, कारण त्या पदवीवर या क्षेत्रात नोकरी क्वचितच मिळते. खर्चाची ओढाताण असेल तर वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम लवकर कमावते करतो, आणि आईचा तो कागद जिथे तयार झाला, त्याच यंत्रापुढे ती बसेल.

तिच्यासाठी एक प्रश्न सोबत देत आहे. हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांना जोडणारा देठ अपघातात तुटला, तर पीयूषिकेच्या पुढील भागातील बहुतेक संप्रेरके उतरतात, पण एक मात्र चढते. ते कोणते आणि का, हे तिने पुस्तक मिटून लिहावे आणि मला पाठवावे.